दाढी, बोअरचं पाणी आणि साडेअकराशेचा किट

पत्र थोडक्यात असं आहे:

"काका, वय 26. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पाच महिने झाले, दाढी वाढवतोय. लांबून बरी दिसते, पण हाताला नुसती खरखर लागते. खाज इतकी की मालकासमोर उभा असलो तरी हात हनुवटीवर जातो. काळा शर्ट घालायची सोय राहिली नाही, पांढरा भुसा पडतो. आधी अंगाचाच साबण लावायचो. मग मित्राच्या सांगण्यावरून ऑनलाइन साडेअकराशेचा किट मागवला, त्यात वॉश, तेल आणि बाम. सकाळ-संध्याकाळ वॉश, वर तेल, असं महिनाभर केलं, तर खाज वाढली. डोक्यातही थोडा कोंडा आहे. गंमत म्हणजे दिवाळीत मामाकडे कोकणात गेलो तेव्हा किट घरी विसरलो होतो आणि तिथं चार दिवसांत दाढी मऊ झाली. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. ते पाणी पिण्या-स्वयंपाकाला, बाकी सगळं बोअरवर. आई म्हणते, मुलगी बघायला जायचंय, आधी ती झाडी काढ. काय करू?
– एक दाढीवाला, सोलापूर. (मला अरे-तुरेच करा.)"

बरं, अरे-तुरे करतो.

मामाकडची ती ओळ तू गंमत म्हणून लिहिलीस. माझ्या दृष्टीनं पत्रातली कामाची ओळ तीच. कोकणात एका दमात तीन गोष्टी सुटल्या: बोअरचं पाणी सुटलं, दिवसातून दोनदा होणारी धुलाई आणि तिच्यावरचं तेल सुटलं आणि कारखान्यातलं तूस, म्हणजे कापसाचे उडणारे बारीक तंतू, सुटलं. वर तिथली हवा दमट. आता यातलं नेमकं कशानं काम केलं हे शोधायचं आहे. नवीन बाटली घेण्याचा विचार तेवढे दिवस बाजूला ठेव.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्याकडे खाली सगळा काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो त्याचाच. असल्या पाण्यात साबण लावला की साबणातली चरबी कॅल्शियमला चिकटते आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पांढरा साका तयार होतो. डोक्यावरचे केस मोकळे लोंबतात, त्यामुळे तो निम्मा-अधिक वाहून तरी जातो. दाढीचे केस जाड, राठ, वळणावळणाचे. साका तिथं अडकून बसतो, वाळतो, आणि मग हाताला खरखर लागते. तुझ्या शर्टावरच्या 'भुशा'त थोडा भाग कातडीचा असेल आणि थोडा या वाळलेल्या साबणाचा.

खात्री करायची असेल तर घरीच कर. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घे. एकीत अर्ध्यापर्यंत बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा सारखाच तुकडा किसून टाक, झाकण लाव आणि जोरात हलव. आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढेल. बोअरच्या बाटलीत फेस जेमतेम येईल, पाणी गढूळ होईल आणि वर पांढऱ्या कण्या तरंगतील. अंगाचा साबण लावायचास तेव्हा त्याच कण्या तू दाढीत चोळत होतास. आईलाही बाटल्या दाखव, पुढं तिच्याकडूनच थोडं पाणी मागायचं आहे.

इथं एक सांगून ठेवतो, कारण माझ्या मेडिकलच्या दुकानात हा घोळ रोज ऐकतो. आरओवाला येऊन टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा सांगतो तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा. पाण्याचा जडपणा त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपुरता. तो प्रयोगशाळेत वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, जडपणा जात नाही. उकळून त्यातला काही भाग जातो, सगळा नाही. आणि आरओच्या मागच्या नळीतून जे पाणी बादलीत साठवतोस ते तर दाढीला अजिबात लावू नकोस. मशीननं गाळून टाकलेले क्षार त्याच बादलीत असतात. फरशी पुसायला ते ठीक.

मग काय, रोज नळाच्या पाण्यानं दाढी धुवायची? चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात असला सल्ला देणाऱ्याला आई झाडूनं हाकलेल, आणि बरोबरच करेल. तेवढं पाणी लागतच नाही. धुणं बोअरवरच कर. शेवटचे दोन तांबे तेवढे नळाच्या पाण्याचे घे, तेही दाढी धुशील त्याच दिवशी. हळूहळू ओत, दुसऱ्या हाताची बोटं केसांतून फिरवत राहा, म्हणजे हनुवटीच्या खालपर्यंत पाणी पोचेल. आठवड्याला पाच-सहा लिटरच्या पुढं खर्च नाही. दाढीला नेमकं त्रास देतं ते धुतल्यावर केसांत मागं राहणारं. ते या दोन तांब्यांत निघतं.

आता साबण. अंगाचा साबण, मग तो कडुलिंबाचा असो की कोळशाचा, दाढीला बंद. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9 ते 10, चेहऱ्याच्या कातडीचा 5 च्या आसपास. रोज तो लावला की कातडी ताणते, कोरडी पडते, खाजते. वर आपलं जड पाणी. त्याऐवजी सौम्य फेसवॉश किंवा सौम्य शाम्पू घे. त्यात साबण नसतो, दुसऱ्या जातीचे फेस करणारे पदार्थ असतात. जड पाण्यात त्यांचा तसा साका होत नाही.

राहिला तुझा किट. मागच्या बारीक अक्षरांतली यादी वाच. वरून दुसऱ्या-तिसऱ्या नावालाच सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर तो वॉश कडक आहे, दिवसातून दोनदा तर सोडच. कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखी नावं वर असतील तर सौम्य. डायसोडियम ईडीटीए असं काही दिसलं तर आपल्याला चांगलंच, ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. बाकी 'बिअर्ड वॉश' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा लहान बाटलीत भरलेला, चंदनाचा वास घातलेला शाम्पूच असतो. घरात बहिणीचा सौम्य शाम्पू असेल तर तो दाढीला चालतो. बहिणीला चालतो का ते तुम्ही दोघं बघा.

वॉश आठवड्यातून तीनदा पुरे. उरलेल्या दिवशी संध्याकाळी साधं पाणी मारून बोटांनी चोळायचं, बस. एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर गेला आणि घामानं दाढी चिकट व्हायला लागली तर एखादा दिवस वाढव. थंडीत उलट, दोनदा धुतलं तरी भागतं. शाम्पू केसांवर फासून मोकळा होऊ नकोस. बोटांची टोकं केसांच्या मुळापर्यंत नेऊन कातडीवर फिरव. नखं मात्र लावू नकोस, खाजेला तेवढंच निमित्त होतं.

तूस हा विषय तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण धुण्याचा क्रम तू चुकवत असणार असा माझा अंदाज आहे. लूमजवळ आठ-नऊ तास काढल्यावर दाढीत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असतात. घरी आल्या आल्या पाणी मारलंस की ते ओले होऊन केसांना वेढे घालतात आणि गाठी होतात. म्हणून आधी कोरड्या दाढीतून रुंद दातांचा कंगवा फिरव. गळ्याकडून वर, मग वरून खाली. वॉशबेसिनवर वाकून कर, किती पडतं ते बघशील. मगच पाणी. कंगवाही आठवड्याला शाम्पूच्या पाण्यात बुडवून धू. कामावर तोंडाला रुमाल बांधत असशील तर तो रोज धुतलेला हवा आणि डिटर्जंट नीट खळबळून काढलेला हवा. नाहीतर तोच साका रुमालातून दाढीत.

आणि धुतल्यावर टॉवेल. टॉवेल विणणाऱ्याला हे मी सांगायचं म्हणजे कठीणच, तरी सांगतो. खसाखसा पुसायचं नाही. टॉवेल दाढीवर दाबायचा, पाणी त्याच्या लूपांत जाऊ द्यायचं. कारखान्यातून आणलेला कोरा टॉवेल असेल तर आधी दोन-तीनदा धू. त्याच्यावर सॉफ्टनर असतो, तो पाणी ओढत नाही, नुसता फिरवला जातो.

आता तो भुसा. इथं जरा थांबायला हवं, कारण याच्यावर पुढचं सगळं ठरतं. दिवसाच्या उजेडात आरशासमोर बस, कंगव्यानं दाढीचे केस दोन बाजूंना कर आणि खालची कातडी बघ. बारीक, कोरडे, पांढरे कण आणि धुतल्यावर ताणल्यासारखं वाटणं, एवढंच असेल तर ती कोरडी कातडी. वर सांगितलेल्या पाणी-साबणाच्या बदलानं ती दोन-तीन आठवड्यांत वळणावर येते. पण खाली लालसर दिसतंय, कण जरा मोठे, पिवळट, तेलकट आहेत, आणि तसंच भुवयांत, नाकाच्या दोन्ही कडांना किंवा कानामागंही आहे, असं असेल तर तो दाढीतला कोंडा. डोक्यात कोंडा आहे असं तू लिहिलंयस, म्हणून माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे.

या कोंड्यामागं मालासेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते. काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो, एवढंच. तिचं अन्न म्हणजे तेल. आपल्या कातडीतून पाझरणारं तेल ती खातेच, वरून आपण लावलेलं खोबरेल, बदाम, ऑलिव्ह यांतलंही तिला चालतं. आता तुझ्या महिन्याचा हिशेब लाव. सकाळ-संध्याकाळ कडक वॉशनं कातडी सोललीस आणि वर बुरशीला जेवायला वाढलंस. खाज वाढली नसती तरच नवल.

तेव्हा तेल आणि बाम दोन्ही तूर्त बंद. डोक्याच्या कोंड्यासाठी मिळतो तो 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आण. आठवड्यातून दोनदा, तुझ्या तीन वॉशपैकी दोन वॉश याचेच. ओल्या दाढीत मुळापर्यंत लाव, तीन ते पाच मिनिटं तसाच राहू दे आणि मग धू. ही मिनिटं लोक खातात. लावला की लगेच धुतात आणि चार दिवसांनी दुकानात येऊन म्हणतात, काका, तुमच्या शाम्पूनं काही झालं नाही. औषधाला कातडीवर थांबायला तर द्या! दोन ते चार आठवडे असं करून कमी झालं की मग आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, पुन्हा उठू नये म्हणून. त्याच शाम्पूनं डोकंही धू, नाहीतर वरचा कोंडा तसाच राहील.

हा शाम्पू केस कोरडे करतो. म्हणून कंडिशनर. दाढीचा वेगळा कंडिशनर घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, डोक्याचा साधा चालतो. धुतलेल्या केसावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य पदार्थावर धन भार, त्यामुळे तो केसाला चिकटून पातळ थर देतो, केस एकमेकांत कमी अडकतात आणि हाताला मऊ लागतात. तुझी दाढी आता चार-पाच सेंटिमीटर झाली असणार, कारण ती महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. एवढ्या लांबीला वाटाण्याएवढा कंडिशनर बास. तळहातावर पसरवून केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लाव, कातडीला लागू देऊ नकोस. मिशीच्या टोकांनाही लाव, ती सगळ्यात आधी राठ होते. कंगवा फिरव, दोन मिनिटं थांब, आणि मग ते नळाच्या पाण्याचे दोन तांबे. कंडिशनर अर्धवट धुतला तर तोही मागं राहतो आणि दाढी चिपचिपीत होते.

मिशीवरून आठवलं. दुपारच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि रस्सा असेल तर जेवल्यावर मिशी पाण्यानं नीट धुवत जा. तिखट-तेल मिशीत मुरलं की ओठाच्या वरची कातडी लाल होते आणि माणूस बिचारा बामला दोष देतो.

कोंडा गेला, कातडी शांत झाली की तेल परत आणता येईल. थोडं. ओलसर दाढीला तीन-चार थेंब, केसांच्या टोकांना. कोंड्याची सवय असलेल्या कातडीवर मी वासाची, पाच-सहा झाडांचे अर्क घातलेली तेलं टाळीन. त्यातल्या सुगंधी तेलांचीच पुष्कळांना ॲलर्जी येते. तुझ्या किटातलं तेल वाया घालवायचं नसेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघ. तिथं लाल झालं तर ते कुलपाला घालायला वापर.

आता काय करायचं नाही ते भराभर. लिंबू चोळायचं नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलास तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल तुला काय सांगावं. खायचा सोडा नाही. कांद्याचा रस नाही. मोहरीचं तेल काहींच्या कातडीला झोंबतं, तेही नको.

आणि एक गोष्ट मी जरा आवाज चढवून सांगणार आहे. 'खाजेची ट्यूब' म्हणून मित्र जी देतील ती लावू नकोस. तिच्यात पुष्कळदा क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. पहिले चार दिवस जादू वाटते. पण मुळात दाढीत गजकर्ण असेल तर ते वरून दबतं आणि आतून पसरतं. मग ते ओळखायला आणि बरं करायला डॉक्टरांनाही जास्त वेळ लागतो. चेहऱ्याची कातडी पातळ पडते ते वेगळंच. मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून मी असे चेहरे पाहिलेत, वरून माझ्याशीच वाद घालणारे. गोल, कडेला उठलेला, पसरत जाणारा चट्टा, पू भरलेले फोड, दाढीतले केस सहज उपटून येणं, किंवा रुपयाएवढा गुळगुळीत गोल ठिपका म्हणजे चाई, यातलं काही दिसलं तर शाम्पू-बिम्पू बाजूला ठेवून सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. किटोकोनॅझोलचे चार आठवडे होऊनही लाली तशीच असली तरी जा.

सलूनमध्ये ब्लेड नवीन लावायला लाव, ब्रश आणि कंगवा तिथला नको, आपला कंगवा खिशात ने. ड्रायर लावतो म्हणाला तर नको म्हण, आपल्या हवेत दाढी दहा मिनिटांत वाळते.

एवढं सगळं वाचून तू उद्यापासून सगळंच सुरू करशील अशी मला भीती आहे. तसं केलंस तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही, मामाकडच्यासारखंच होईल. पहिल्या आठवड्यात साबण, तेल, बाम बंद, कोरडा कंगवा, तीनदा सौम्य वॉश आणि शेवटी नळाचं पाणी. एवढ्यानंच भुसा निम्मा झाला तर दोष पाणी-साबणाचा होता. मग औषधी शाम्पूची गरजच नसेल, त्याच घडीवर कंडिशनर जोड आणि तिथंच थांब. फरक पडला नाही, किंवा आरशात लाली नि पिवळट कण दिसले, तर दुसऱ्या आठवड्यापासून किटोकोनॅझोल. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, कारण तीन आठवड्यांनी तुला आठवणार नाही.

राहिला आईचा प्रश्न. मुलगी बघायला जायच्या आधी चार-पाच दिवस गळ्याची रेघ आणि गाल नीट करून घे, कडा जरा छाट. आदल्या दिवशी वस्तरा फिरवला की गळ्यावर पुरळ घेऊन पोह्यांच्या बशीसमोर बसावं लागतं. त्या आठवड्यात नवीन काहीही लावायचं नाही. दाढी स्वच्छ असली, हात सारखा हनुवटीकडे जात नसला आणि खांद्यावर भुसा नसला तर आईचा निम्मा विरोध तिथंच मावळेल, असा माझा अंदाज. उरलेला निम्मा मावळेल की नाही ते त्या मुलीवर सोड. तिला दाढी नको असेल तर ती सांगेल, आणि तुझ्या हातात ट्रिमर आहेच.